प्रवाळ मत्स्यालयासाठी प्रवाह पंपांची निवड

प्रवाह पंप म्हणजे खाऱ्या पाण्याच्या घरगुती मत्स्यालयात, शौकिनांच्या भाषेत रीफ टँकमध्ये, पाणी अहोरात्र हलते ठेवणारा विजेचा पंप. काचेला आतून चुंबकाने चिकटवलेला, पंख्याने पाणी ढकलणारा पंप तो वेव्हमेकर. टाकीखालच्या संपमधून, म्हणजे गाळणीच्या जोडटाकीतून, गाळलेले पाणी वर आणतो तो रिटर्न पंप. दोघांची कामे वेगळी असल्याने निकषही वेगळे लागतात. सातारा-सांगलीसारख्या घाटावरच्या गावांत समुद्रसपाटीपासूनची उंची, उन्हाळा आणि जाणारी वीज या तीन गोष्टी या निवडीवर खोक्यावरच्या लिटरच्या आकड्याहून जास्त परिणाम करतात.

प्रवाळ जागचा हलत नाही. त्याचे अन्न, प्राणवायू आणि सांगाड्याला लागणारे कॅल्शियम पाण्याबरोबर त्याच्यापर्यंत यावे लागते आणि त्याची विष्ठा व चिकट स्राव पाण्यानेच वाहून न्यावे लागतात. प्रवाळाच्या पृष्ठभागाला लगटून पाण्याचा एक पातळ, जवळजवळ स्थिर थर असतो. प्रवाह मंद असला की हा थर जाड होतो आणि देवाणघेवाण मंदावते. प्रवाळाच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवाले दिवसा प्राणवायू तयार करतात, पण रात्री तीही प्राणवायू वापरतात. म्हणून वेव्हमेकर रात्री पूर्ण बंद ठेवण्याची सवय घातक आहे. वेग थोडा कमी केला तर चालते.

प्रवाह किती आणि कसा

रूढ मोजमाप ताशी आवर्तनांचे आहे: पंप तासाला जितके लिटर पाणी ढकलतो त्याला टाकीच्या लिटरने भागायचे. दगडी सांगाडा नसलेले सॉफ्ट कोरल आणि त्यांच्यासारखेच मऊ मशरूम व झोअँथिड यांना १० ते २० आवर्तने पुरतात. मांसल, मोठ्या तोंडाच्या एलपीएस प्रवाळांना साधारण १५ ते ३०, तर अॅक्रोपोरासारख्या बारीक तोंडाच्या एसपीएस प्रवाळांना ४० किंवा त्याहून अधिक लागतात. हे आकडे अनुभवातून आलेले आहेत, त्यांना नियम मानू नये. एकाच दिशेची जोरदार धार ४० आवर्तनांची असली तरी समोरच्या एलपीएसचे मांस त्याच्याच सांगाड्याच्या धारेवर घासून फाडते आणि खडकामागे मात्र गाळ साचू देते. दिशा आणि जोर बदलत राहणारा, खडकांवर आपटून फुटणारा प्रवाह हवा. त्यासाठी एका मोठ्या पंपापेक्षा दोन लहान पंप केव्हाही बरे. ते समोरासमोरच्या काचांवर, थोड्या वेगळ्या उंचीवर लावावेत आणि आळीपाळीने चालवावेत. एक बिघडला तरी दुसरा टाकी जगवतो, हा फायदा त्याहून मोठा आहे.

भारतात सर्व दगडी प्रवाळ, म्हणजे एलपीएस आणि एसपीएस दोन्ही, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. आपल्या समुद्रातून ते काढणे आणि विकणे गुन्हा आहे. ही बंदी योग्यच आहे, कारण मालवणच्या किनाऱ्यालगतचे आणि विजयदुर्गासमोर खोल समुद्रातल्या आंग्रिया बँकेवरचे प्रवाळ हा महाराष्ट्राचा फार थोडा आणि नाजूक ठेवा आहे. एसपीएससाठीचा प्रचंड प्रवाह त्यामुळे सांगलीतल्या पहिल्या टाकीला बहुधा लागतच नाही. मशरूम आणि झोअँथिडच्या २०० लिटरच्या टाकीला तासाला ३,००० लिटर भरपूर झाले. तेवढ्यासाठी ताशी ३,००० लिटरचे दोन डीसी वेव्हमेकर अर्ध्या वेगावर चालवावेत. आवाज कमी राहतो, झीज कमी होते आणि पुढे प्रवाळ वाढले की हातात जोर शिल्लक असतो.

घाटावरचे तीन प्रश्न

पहिला प्रश्न उंचीचा. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचावर आहे. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा जवळपास ८ टक्के कमी असतो आणि पाण्यात विरघळू शकणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. २६ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात किनाऱ्यावर लिटरमागे सुमारे साडेसहा मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, साताऱ्यात सहाच्या आसपास. मासे याने मरत नाहीत, पण हाताशी असलेली सवलत कमी होते. त्यामुळे एका वेव्हमेकरचे तोंड किंचित वर करून पृष्ठभागाला सतत खळबळ द्यावी.

दुसरा उष्णतेचा. पाण्यात बुडालेला पंप जितके वॅट खातो तितकी सगळी वीज शेवटी पाण्यातच उष्णता होऊन उतरते. २०० लिटर पाण्यात ३० वॅटचा पंप २४ तास चालला आणि उष्णता बाहेर गेलीच नाही, तर पाणी तीन अंशांहून थोडे जास्त तापेल. प्रत्यक्षात बाष्पीभवन त्यातली बरीच बाहेर काढते. तरीही सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि टाकी २४ ते २७ अंशांत ठेवायची असते, तेव्हा प्रत्येक वॅट मोजावा लागतो. मोटर काचेबाहेर आणि फक्त पंखा आत, दोघांची चुंबकांनी जोडणी, अशा रचनेचे पंप महाग पडतात; पण मोटरची उष्णता खोलीत सोडतात. बिलाचा हिशेबही तोच आहे: ५० वॅटचा रिटर्न पंप महिन्याला ३६ युनिट खातो.

तिसरा, आणि सर्वांत निर्णायक, विजेचा. शेतीपंपांच्या भागात व्होल्टेज पडते. साधा एसी पंप अशा वेळी गुरगुरतो आणि वीज परत आल्यावर कधी कधी सुरूच होत नाही, तर डीसी पंपाचा अॅडॉप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर बिनतक्रार चालतो. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवरही एसी पंप गरम होतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले आणि पूरग्रस्त भागांत वीज दिवसेंदिवस बंद राहिली. अशा काळाचा हिशेब पंप घेतानाच करायला हवा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत १,८०० वॅट-तास असतात. शिशाच्या बॅटरीतले निम्मेच वापरावेत, म्हणजे ९००. दहा वॅटचा डीसी वेव्हमेकर थेट बॅटरीवर यातून ९० तास चालेल. तोच इन्व्हर्टरमधून चालवला आणि इन्व्हर्टर स्वतःसाठीच २० वॅट खात असला, तर ३० तासांत खेळ संपतो. म्हणून बॅटरीची वेगळी जोडणी असलेला किंवा १२ व्होल्टवरही फिरणारा पंप निवडावा. वीज गेल्यावर रिटर्न पंप, दिवे, पाण्यातला मळ फेसाबरोबर काढणारा स्किमर थांबले तरी चालतात. वेव्हमेकर थांबला की गच्च भरलेल्या टाकीत काही तासांतच मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात.

रिटर्न पंप

इथे ताशी ३ ते ५ आवर्तने पुरतात. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. स्टँड, पाइप आणि कोपरे धरून दीड मीटर चढ असेल तर कमाल तीन मीटर उचलणारा पंप साधारण निम्मेच पाणी देतो, म्हणून उंचीनुसार प्रवाह दाखवणारा त्याचा आलेख पाहावा.

खरेदी आणि निगा

मुंबई-पुण्याहून मागवलेल्या पंपाबरोबर जादा रोटर (मोटरचा फिरणारा भाग) आणि चिनीमातीचा दांडा त्याच वेळी घ्यावा. तो दांडा धुताना सहज मोडतो आणि नंतर त्याच मापाचा मिळेलच असे नाही. काचेची जाडी मोजून चुंबक निवडावे. चुंबकावरच्या प्लॅस्टिकला तडा गेला की आतला धातू गंजून पाण्यात उतरतो, म्हणून दर सफाईत ते नखाने चाचपावे. उन्हाळ्यात दुकानोदुकानी स्वस्तात मिळणारा कूलरचा पंप इथे वापरू नये: त्याचा धातूचा दांडा खाऱ्या पाण्यात गंजतो, आणि तांबे किंवा पितळ पाण्याला लागले तर अगदी थोड्या मात्रेनेही प्रवाळ व कोळंबी मरतात. समुद्रफूल (सी अॅनिमोन) पाळले असेल तर पंपाला स्पंजचे किंवा जाळीचे आवरण हवेच, कारण ते रात्रीत सरकत जाऊन पंख्यात ओढले जाते. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे ओघळणारे पाणी बोर्डात शिरत नाही. टाकीची लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर, म्हणजे गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवर, असावी. दोन-तीन महिन्यांनी पंखा आणि रोटर निम्म्या पाण्यातल्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवले की चढलेला चुनखडीचा थर सुटतो. पंप मात्र कोरडा फिरवून पाहू नये. त्याला पाण्याचेच वंगण असते.