घरकुलाचा पैसा कुणाच्या हाती? खान्देशातली पार्श्वभूमी

जळगावात 'घरकुल' म्हटलं की आधी खटला आठवतो, घर नंतर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तेव्हाच्या नगरपालिकेने कर्ज काढून गरिबांसाठी अकरा हजारांहून जास्त घरं बांधायला घेतली. ठेकेदाराला बिनव्याजी आगाऊ रक्कम मिळाली, घरं मात्र थोडीच उभी राहिली. २००६ साली तक्रार झाली आणि ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. पुढे अपिलं झाली. राजकारणाचा भाग सोडला, तर ही नगरपालिका, कर्ज देणारे आणि ठेकेदार अशा तिघांची गोष्ट आहे. ज्यांनी त्या घरांत राहायचं, त्यांच्या वाट्याला यादीत नाव येण्याची वाट बघणं तेवढं आलं.

घरबांधणीची मदत लोकांनी चालवलेल्या संस्थांमार्फत द्यावी, हा आग्रह अशाच अनुभवांतून बळावला. पण 'लोकांची संस्था' ओळखायची कशी, हा प्रश्न खान्देशात बराच जुना आहे.

१८२५ च्या सुमारास इंग्रजांनी इथे भिल्ल एजन्सी, म्हणजे भिल्लांचा कारभार बघणारी कार्यालयं, नेमल्या आणि धरणगावला भिल्ल कोअर ही भिल्लांची पलटण उभी केली. जो वस्ती करून शेती करेल त्याला बियाणं आणि तगाई. ही मदत पोचवताना साहेब लोक नाईकाशी, म्हणजे भिल्लांच्या म्होरक्याशी, बोलत. हेतू बंदोबस्ताचा होता, लोककल्याणाचा नव्हे. तरी त्यांची कसोटी सरळ होती: याच्या शब्दावर किती माणसं उठतात? त्यानंतर आलेल्या सगळ्या व्यवस्थांनी माणसांऐवजी नोंदणी क्रमांक मोजला.

सहकाराचा पहिला कायदा १९०४ चा, महाराष्ट्राचा १९६० चा. मागासवर्गीयांच्या सहकारी गृहनिर्माण संस्थांना सरकारी जागा आणि अर्थसाहाय्य देणारी 'पीडब्ल्यूआर २१९' ही योजना स्वातंत्र्यानंतर सुरू झाली. सभासद तेच मालक, तेच राहणारे. कागदावर याहून लोकांची संस्था दुसरी सापडणार नाही. प्रत्यक्षात अशा संस्थेचं भवितव्य बरंचसं मुख्य प्रवर्तकावर, म्हणजे संस्था उभी करणाऱ्या माणसावर, ठरतं. जातीचे, उत्पन्नाचे दाखले त्याच्या पिशवीत, तहसीलच्या चकरा त्याच्या, आणि सभासद कोण हेही बहुधा तोच सांगणार. माणूस चांगला निघाला तर वसाहत उभी राहते. नाही तर प्लॉट राहतो आणि वाद राहतो.

त्याच काळात शहाद्याकडे वेगळंच काही घडत होतं. आदिवासी नेते अंबरसिंग महाराजांनी आदिवासींना गेलेल्या जमिनींसाठी उभं केलं आणि १९७२ च्या दुष्काळात श्रमिक संघटना आकाराला आली. जमीन, मजुरी आणि पुढे बायकांनी हाती घेतलेली दारूबंदी. गावोगावची माणसं स्वतः ठरवत आणि स्वतः मोर्चाला येत. ही ताकद ताळेबंदावरून मोजता आली नसती. पुढे सरदार सरोवर धरणात नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) तालुक्यांची ३३ गावं बाधित झाली, तेव्हा घोषित आणि अघोषित विस्थापित असा वाद वर्षानुवर्षं चालला. सरकारी यादीत नसलेली कुटुंबं कोणती, हे पाड्यावरच्या माणसांना तोंडपाठ होतं.

दिल्लीने १९८६ मध्ये स्वयंसेवी संस्थांना ग्रामविकासाचा निधी देण्यासाठी 'कपार्ट' काढली. २०२० मध्ये ती हैदराबादच्या राष्ट्रीय ग्रामविकास संस्थेत विलीन झाली. मधल्या काळात प्रस्ताव लिहिण्याची कला फोफावली. संस्था नोंदणीचा १८६० चा कायदा आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा कायदा अशी दुहेरी नोंदणी, तीन वर्षांचं ऑडिट, प्राप्तिकराच्या सवलतीची '१२-ए' आणि '८०-जी' नोंदणी, नंतर स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी 'दर्पण' पोर्टलचा क्रमांक. हे सगळं लागतंच, त्याला इलाज नाही. पण यातून पैसे घ्यायला एक खातं आहे एवढंच कळतं.

घरं तर आता संस्थेविनाच होतात, असं कुणी म्हणेल. खरं आहे. १९८५-८६ च्या इंदिरा आवासपासून ग्रामीण घरकुलात ठेकेदाराला मज्जाव आहे. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगराळ किंवा दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये हप्त्याहप्त्याने थेट लाभार्थ्याच्या खात्यात येतात. घर किमान २५ चौरस मीटरचं. सातपुड्यातलं कुडाचं घर लांबलचक असतं, ढोरंही त्याच छपराखाली. हे माप त्याचा विचार करून ठरवलेलं नाही. सिमेंट चांदसैली घाट चढून धडगावला नेईपर्यंतचा भाडेखर्च कुठल्या हप्त्यात धरायचा, याचं उत्तर काम झाल्याचा पुरावा म्हणून मोबाईलवर काढलेल्या जिओ-टॅग (जागेची नोंद असलेल्या) फोटोत नसतं. जागा, माल, गवंडी आणि कागदपत्रं जुळवायला सोबत लागते, आणि संस्थेची गरज इथेच पडते.

२०२०-२१ च्या महाआवास अभियानात 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या बचतगटांनी घरकुल मार्ट चालवावेत अशी कल्पना पुढे आली. विटा, सिमेंट, दारं-खिडक्या एका ठिकाणी, आणि दुकान बायकांच्या गटाचं. ती मला आवडते. कुणाचा जोता झाला आणि कुणाचा हप्ता अडकला, हे गटाच्या बैठकीत आपोआप कळतं.

कायद्याने याहून मोठं दार १९९६ मध्येच उघडलं होतं, ते पेसाने, म्हणजे आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींच्या कायद्याने. अनुसूचित क्षेत्रात गरिबी निर्मूलनाच्या योजनांचे लाभार्थी ग्रामसभा निवडते आणि पंचायतीने खर्च केलेल्या निधीचं उपयोगिता प्रमाणपत्रही तीच देते. महाराष्ट्राचे नियम २०१४ मध्ये आले. त्यामुळे पाड्यालाही स्वतःची ग्रामसभा मागता येते. २०१५ पासून आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट या गावांकडे येऊ लागला. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुके यात पूर्ण येतात, तर शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर इथली काही गावं येतात. म्हणजे निधी घेऊ शकणारी, लोकांनीच बनलेली संस्था, ग्रामसभा, इथे कायद्याने आधीच आहे. तरीही निधी देणाऱ्यांचा शोध सुरू झाला की जिल्ह्याच्या गावातली, इंग्रजी अहवाल देणारी ट्रस्ट आधी सापडते.

त्या ट्रस्टची पारख करणं मात्र फार अवघड नाही. धर्मादाय कार्यालयातून परिशिष्ट एकची, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीच्या उताऱ्याची, नक्कल काढावी आणि विश्वस्त बदलल्याचे चेंज रिपोर्ट बघावेत. विश्वस्तांची आडनावं एकच आहेत का, वडील गेल्यावर मुलगा आला का, शेवटचा बदल कधी नोंदला, हे सगळं दोन-चार पानांत दिसतं. मग ज्या पाड्यासाठी निधी मागितला आहे तिथल्या गेल्या वर्षीच्या ग्रामसभेचं इतिवृत्त मागावं. संस्थेचं नाव त्यात कुणी घेतलंय का, आणि घेतलं असेल तर कोणत्या कामासाठी, ते वाचावं. दाखवायला इतिवृत्तच नसेल, तर बाजाराच्या दिवशी धडगावला त्या पाड्याची माणसं भेटतात, त्यांना विचारावं.