एजंटच्या टूलला एकच इनपुट? हा समज आता सोडा

एजंट म्हणजे एआय मॉडेलच्या मदतीने कामं करणारा प्रोग्रॅम, आणि टूल म्हणजे त्याला वापरता येणारं फंक्शन. ‘एजंटच्या टूलला एकच स्ट्रिंग (मजकूर) देता येते, दोन इनपुट हवे असतील तर स्वल्पविरामाने जोडून पाठवा आणि आत स्प्लिट करा.’ हा सल्ला अजून फिरतोय.

मुळात ही मर्यादा पायथॉनची कधीच नव्हती. लँगचेन या एजंट बनवण्याच्या लायब्ररीच्या सुरुवातीच्या रिअ‍ॅक्ट (आधी विचार, मग कृती) पद्धतीच्या एजंटमध्ये मॉडेल ‘अ‍ॅक्शन इनपुट’ अशी साध्या मजकुराची ओळ लिहायचं आणि पार्सर (तो मजकूर वाचणारा कोड) ती जशीच्या तशी टूलला द्यायचा. अडचण तिथे होती. 2023 मध्ये लँगचेनमध्ये एकापेक्षा जास्त इनपुट घेणारी स्ट्रक्चर्ड टूल आली, त्याच वर्षी जूनमध्ये ओपनएआयने फंक्शन कॉलिंग दिलं. तेव्हापासून मॉडेल जेसनमध्ये (नाव आणि मूल्य अशा जोड्यांच्या स्वरूपात) प्रत्येक आर्ग्युमेंट नावानिशी पाठवू शकतं.

आज नेहमीचं फंक्शन लिहा, प्रत्येक पॅरामीटरला टाइप हिंट द्या, नेमकी डॉकस्ट्रिंग (फंक्शन काय करतं त्याचं वर्णन) लिहा आणि वर टूल डेकोरेटर लावा. स्कीमा, म्हणजे कोणते इनपुट कोणत्या प्रकारचे याचा आराखडा, त्यातूनच तयार होतो. डॉकस्ट्रिंगमध्ये आळस नको, कारण मॉडेल तीच वाचतं! इनपुटसाठी बारीक नियम हवे असतील तर पायडँटिक (डेटा तपासणारी पायथॉन लायब्ररी) मॉडेल द्या.

स्प्लिटची युक्ती घातकही आहे: ‘1,500’ हा आकडा आला की त्याचे दोन तुकडे होतात आणि चुकीची किंमत गुपचूप पुढे जाऊ शकते.

लँगचेनचा जुना टूल क्लास मात्र आजही एकच इनपुट घेतो. तिथे स्ट्रक्चर्डटूल वापरा.