चांद्रनमुना मोहिमा (मानवरहित)

माणूस न उतरवता, यंत्राकरवी चंद्रावरची माती आणि खडक पृथ्वीवर आणणाऱ्या मोहिमा. आजवर पाच साधल्या: सोव्हिएत संघाच्या लूना-१६ (१९७०), लूना-२० (१९७२), लूना-२४ (१९७६) आणि चीनच्या चांग-ई ५ (२०२०), चांग-ई ६ (२०२४). त्याआधीची लूना-१५ जुलै १९६९ मध्ये, आर्मस्ट्राँग व ऑल्ड्रिन चंद्रावर असतानाच, तिथे आदळून फुटली.

बेळगावकडच्या वाचकाला यातला खडक परका नाही. निपाणी-चिकोडीची काळी रानं ज्या दख्खनी बेसाल्टाची झाली, त्याच जातीचा थिजलेला लाव्हा चंद्रावरच्या सशाचा काळा डाग होऊन दिसतो. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. चांग-ई ५ ने आणलेला सुमारे २०० कोटींचा. तरी तो शास्त्रज्ञांना कोवळा वाटला, कारण अमेरिकेच्या अपोलो मोहिमांनी व लूनाने आणलेले बेसाल्ट ३०० कोटींहून जुने होते. एवढ्या उशिरापर्यंत चंद्राच्या पोटात धग कशी टिकली, हा प्रश्न त्यातून पुढे आला. आपला कातळ ऊनपावसात कुजून रान झाला. चंद्रावर पाऊस नाही, वारा नाही; उल्कांच्या माऱ्याने दगडाचा चुरा झाला, त्याला माती म्हणायचे ते सोयीपुरते.

लूना-२४ ने सुमारे २ मीटर खोल भोक पाडून १७० ग्रॅम आणले. शेकडो फूट बोअर मारणाऱ्या आपल्या भागात हे किरकोळ वाटेल, पण हे यंत्र लाखो किलोमीटरवरून चालवायचे होते. लूनाचे रॉकेट चंद्रावरून थेट पृथ्वीकडे निघे, त्यामुळे ओझे थोडेच. चांग-ईने वेगळी वाट धरली: वर उडालेले यान चंद्राभोवती फिरणाऱ्या दुसऱ्या यानाला जोडायचे, डबा तिकडे सरकवायचा, मग परतायचे. म्हणून चांग-ई ५ ला १,७३१ ग्रॅम जमले. चांग-ई ६ ने १,९३५.३ ग्रॅम आणले, तेही आपल्याला कधीच न दिसणाऱ्या बाजूचे. तिथे संदेश पोचवायला वेगळा उपग्रह लागला.

असाच नमुना आणण्यासाठी आखलेल्या भारताच्या चांद्रयान-४ ला १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली, खर्च २,१०४.०६ कोटी रुपये. त्यासाठी लागणारी अंतराळातली जोडणी इस्रोने १६ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्स या दोन उपग्रहांच्या प्रयोगात करून पाहिली. त्याआधी, ३ सप्टेंबर २०२३ ला, चंद्रावर उतरलेल्या चांद्रयान-३ च्या विक्रम यानाने, तिथून परत उडता येते का हे पाहायला, पुन्हा इंजिन पेटवून सुमारे ४० सेंटिमीटरची उडी मारली होती.