छपरावरचं ऊन, पाण्याखालचा आकार

केरळात वेंबनाड तलावावर वैक्कमच्या धक्क्यावरून पलीकडच्या तवणक्कडवूला जानेवारी 2017 पासून 'आदित्य' नावाची फेरीबोट जाते. 75 उतारू, 20 मीटर लांबी, 7 मीटर रुंदी, छपरावर 20 किलोवॉटचे सौर पॅनेल आणि पोटात लिथियमची बॅटरी. कोचीच्या 'नवाल्ट' कंपनीने बांधलेली ही बोट कॅटमरान आहे, म्हणजे पाण्यात बसणारी दोन अरुंद अंगं आणि त्यांना जोडणारा वरचा डेक. कोकणातल्या उलांडीच्या होडीला तोल सावरायला बाजूला लाकूड बांधलेलं असतं. इथे त्या लाकडाच्या जागी दुसरी होडीच आहे, असं समजा.

अशा बोटीचा आकार संगणकावर ठरवतात आणि तो हिशेब छपरापासून सुरू होतो. 20 गुणिले 7 म्हणजे 140 चौरस मीटर. भर दुपारी दर चौरस मीटरवर साधारण 1 किलोवॉट ऊन पडतं आणि चांगलं पॅनेल त्याच्या पाचव्या हिश्शाची वीज करतं. छप्पर काठोकाठ झाकलं तरी 28 किलोवॉटच्या पुढे जाता येत नाही. डिझेलच्या बोटीला जोर कमी पडला तर मोठं इंजिन बसवतात. इथे ती सोय नाही, म्हणून बचत करायची ती पाण्याखाली.

पाणी बोटीला दोन तऱ्हांनी अडवतं. एक घर्षण, दुसरी बोटीनेच उठवलेल्या लाटांत वाया जाणारी शक्ती. हे दोन्ही वेगळे मोजायचे, ही वाट इंग्लंडमध्ये विल्यम फ्रूड यांनी 1870 च्या दशकात छोट्या प्रतिकृती टाकीतून ओढून दाखवली. कॅटमरान निवडली की दोन्ही प्रश्न एकदम सुटले, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. एका अर्धगोल बुडाच्या बोटीचं वजन तेवढ्याच लांबीच्या दोन अंगांत वाटून दिलं, तर भिजणारा पृष्ठभाग सुमारे 41 टक्क्यांनी वाढतो. म्हणजे घर्षण वाढलंच. पण ती एकच अरुंद बोट 7 मीटर रुंद छप्पर डोक्यावर घेऊन उभी राहणार नाही, कलंडेल. तोल आणि छप्पर मिळवण्यासाठी घर्षणाची ही किंमत मोजावी लागते. ती किती मोजायची, तेच संगणकाला विचारायचं असतं.

आणि इथे मला सर्वांत आवडणारी गोष्ट येते. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचे गणिती जॉन हेन्री मिशेल यांनी 1898 मध्ये जहाजाच्या लाटांचा विरोध काढण्याचं एक सूत्र मांडलं. त्यात गृहीतक होतं की जहाज अगदी पातळ आहे. मालवाहू जहाजं कुठली पातळ असायला! कॅटमरानची अंगं मात्र लांबीच्या मानाने खरोखरच सडपातळ असतात, त्यामुळे ते जुनं सूत्र इथे चपखल बसतं. दुसऱ्या अंगासाठी त्यात फक्त एक गुणक वाढवावा लागतो. दोन्ही अंगांच्या लाटा कुठे एकमेकींना उंचावतात आणि कुठे जिरवतात, ते तो गुणक सांगतो. आजचा साधा लॅपटॉप हे गणित काही क्षणांत करतो. म्हणून लांबी, रुंदी, दोन अंगांमधलं अंतर बदलत हजारो आकार तपासता येतात. मग निवडक चार-पाच आकारांसाठीच पाण्याचे लाखो तुकडे पाडून प्रवाह सोडवणारं जड गणित चालवायचं, ज्याला तास किंवा दिवस लागतात. सुरुवातच त्या जड गणिताने करणं मला वेळेची उधळपट्टी वाटते.

आकार ठरला तरी काम संपत नाही. बॅटरी वाढवली की वजन वाढतं, बोट खोल बसते, जास्त पृष्ठभाग भिजतो, जास्त शक्ती लागते आणि पुन्हा बॅटरी अपुरी पडते. हे चक्र स्थिर होईपर्यंत संगणक ते फिरवत राहतो. त्यात वेळापत्रकही घालावं लागतं. समजा, बोटीला 16 किलोवॉट लागतात आणि दिवसात 15 मिनिटांच्या 22 फेऱ्या आहेत. मग गरज 88 युनिटांची. 20 किलोवॉटचे पॅनेल स्वच्छ दिवशी साधारण तेवढं देऊ शकतात, पण आषाढातल्या ढगाळ दिवशी नाही. ती तूट किती दिवस येईल, त्यावर बॅटरीचा आणि धक्क्यावरच्या चार्जिंगचा आकार ठरतो.

वेग मात्र फार महाग. शक्ती साधारण वेगाच्या घनाने वाढते, लाटा वाढल्या की त्याहूनही जास्त. 'आदित्य' साधारण साडेपाच नॉटने, म्हणजे ताशी दहा किलोमीटरने जाते. हीच बोट मुंबईतल्या भाऊचा धक्का ते मांडवा या सुमारे 19 किलोमीटरच्या मार्गावर आणली, तर जायला जवळजवळ दोन तास लागतील. तेच अंतर तासाभरात कापायचं, तर घनाच्या हिशेबाने सहापटीहून जास्त शक्ती हवी. शिवाय त्या वेगाला 20 मीटरच्या बोटीच्या लाटांचा विरोध झपाट्याने चढू लागतो, म्हणजे अंगं आणखी लांब आणि हलकी करावी लागतील. उघड्या समुद्राच्या लाटा डेकच्या तळावर आपटू नयेत म्हणून डेकही उंच न्यावा लागेल. आणि छपरावर पडणारं ऊन तेवढंच राहील.