चासीने मार खाल्लाय का?

जुलैतल्या एका रात्री माझ्या मावसभावाची दोन सीटची स्पोर्ट्स कार ओल्या वळणावर घसरली आणि डाव्या कोपऱ्याने दुभाजकावर आपटली. त्याला खरचटलंही नाही. गाडीचंही लांबून पाहणाऱ्याला फार काही बिघडलेलं दिसत नव्हतं. बंपर निखळला होता, डावा हेडलाइट फुटला होता, बोनेटला एक घडी पडली होती. दुसऱ्या दिवशी टोचन करून गाडी कुर्ल्याला सीएसटी रोडजवळच्या एका गॅरेजात नेली आणि त्याने विचारलं, "किती होतील?" मिस्त्रींनी बोनेटकडे पाहिलंसुद्धा नाही. "चासी ने मार खाया है क्या, पहले वो देखने दो," म्हणत ते गाडीखाली शिरले.

खरं तर आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसतेच. ट्रकला असते. दोन लांब तुळया, त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या, आणि वर ठेवलेला सांगाडा. मोटारींत मात्र फरशी, खांब, छप्पर हे सगळं जोडून एकच कवच बनवतात. १९२२ सालच्या लान्सिया लॅम्डा या इटालियन गाडीपासून ही कल्पना रस्त्यावर आली. शब्द मात्र गॅरेजात टिकून राहिला, आणि मिस्त्री 'चासी' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात असतात बोनेटखालून पुढे गेलेले दोन साइड मेंबर म्हणजे लांब तुळया, त्यांच्या बाजूचे अप्रन म्हणजे चाकांच्या आतले पत्रे, दारांचे पिलर आणि खालची फरशी. बंपर, फेंडर, बोनेट हे वरचे कपडे. कपडे बदलता येतात.

मार किती बसला हे वेगावर ठरतं, आणि इथे आपला अंदाज नेहमी चुकतो. वेग दुप्पट झाला की गाडीतली ऊर्जा चौपट होते. ताशी ३० किलोमीटरने धडकणं म्हणजे साधारण साडेतीन मीटरवरून, पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून, गाडी खाली टाकणं. ताशी ६० म्हणजे १४ मीटर, जवळजवळ चार मजली चाळीची गच्ची. ही सगळी ऊर्जा सेकंदाच्या दहाव्या भागात कुठेतरी जिरवायची असते. मर्सिडीजचे अभियंते बेला बारेनी यांनी त्यासाठी पुढचा-मागचा भाग मुद्दाम दुमडणारा आणि मधली, माणसं बसायची खोली मात्र कणखर ठेवण्याची रचना सुचवली. १९५९ साली ती प्रत्यक्ष विक्रीच्या गाडीत आली. ६० च्या वेगाने जाणारी गाडी ६० सेंटिमीटर दुमडत थांबली, तर आतल्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी चोवीसपट झटका बसतो. तीच १० सेंटिमीटरमध्ये थांबली तर जवळपास १४० पट. 'पूर्वीच्या गाड्या काय मजबूत होत्या' असं म्हणणाऱ्या काकांना हा हिशेब एकदा सांगून पाहावा. गाडी मजबूत होती, धक्का काकांना बसायचा.

पण दुमडणाऱ्या भागाने सगळं पचवलं की थोडं पुढे ढकललं, हे बाहेरून कळत नाही. जोर साइड मेंबरच्या वाटेने मागे सरकतो आणि कमकुवत जागी बाहेर पडतो. टक्कर हेडलाइटला आणि फट दाराच्या वरच्या कोपऱ्यात वाढलेली, असंही होतं. म्हणून जाणकार माणूस दारं उघडून-मिटून बघतो, फटींवरून बोट फिरवतो, आणि मग टेप काढतो.

चौकट काटकोनात आहे का हे सुतार कसं बघतो? दोन्ही कर्ण मोजतो. इथेही तेच. समजा, गाडीखालचे चार ठरलेले बिंदू दीड मीटर रुंद आणि अडीच मीटर लांब आयतावर आहेत. धडकेने डावी बाजू फक्त १० मिलिमीटर मागे सरकली. आडव्या पट्टीची लांबी मोजली तर वाढ मिलिमीटरच्या तिसाव्या भागाइतकी, म्हणजे टेपला न दिसणारी. पण एक कर्ण २,९२४ आणि दुसरा २,९०७ मिलिमीटर भरतो. १७ मिलिमीटरचा फरक! कंपन्या अशा मापांत साधारण ३ मिलिमीटरपर्यंत चालवून घेतात. मोठ्या वर्कशॉपात हेच काम लेसरने आणि उंचीसकट होतं, कारण सांगाडा फक्त तिरका होत नाही. तो खचतो, वर उचलला जातो, पिळलाही जातो. असा सांगाडा तसाच ठेवून नवं बोनेट बसवलं तर गाडी चकाचक दिसते, पण सरळ रस्त्यावर एका बाजूला ओढते आणि टायर आतून खाते.

मग खेचून सरळ करायचा, एवढंच ना? केसांची पिन एकदा वाकवून सरळ करून बघा. जिथे वाकली तिथे ती पुन्हा सपाट होत नाही, शेजारी नवा बाक येतो, कारण वाकल्या जागी पोलाद कडक झालेलं असतं. साधं पोलाद तरी थोडं ऐकतं. त्याला साखळी लावून हव्या मापाच्या जरा पुढे खेचतात, कारण सोडल्यावर ते थोडं परत येतं. पिलरमध्ये वापरलेलं बोरॉनचं पोलाद ९०० अंशांच्या वर तापवून साच्यातच झटकन थंड केलेलं असतं. त्याची ताकद साध्या पत्र्याच्या चार-पाच पट. त्याला गॅसची ज्योत दाखवली की ती ताकदच जाते. तो भाग बदलायचाच.

स्पोर्ट्स कारचं बिल फुगतं ते इथे. वजन कमी करायला ॲल्युमिनियम आलं. पोलाद तापलं की लाल होऊन सावध करतं. ॲल्युमिनियम रंग न बदलता ६६० अंशांवर सरळ वितळतं. त्याच्यावर पोलादाचे कण राहिले तर मुंबईच्या खारट, दमट हवेत गंज धरतो, म्हणून त्यासाठी हत्यारं आणि खोली दोन्ही वेगळी लागतात. सर्वांत महागड्या गाड्यांचं मधलं कवच कार्बन फायबरचं असतं. मॅक्लारेनने १९८१ साली शर्यतीच्या गाडीत हे पहिल्यांदा आणलं. कार्बन वाकतच नाही. तो टिकतो किंवा तुटतो, आणि कधी वरून अखंड दिसत आतले थर सुटतात. ते शोधायचा प्राथमिक उपाय म्हणजे नाण्याने टकटक करणं. माठ घेताना आपण बोटाने वाजवून बघतो ना, तेच. बद्द आवाज आला की पुढे अल्ट्रासाउंड.

हे सगळं गाडी उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून पहिलं एस्टिमेट नेहमी अपुरं असतं आणि मागून पुरवणी येते. एअरबॅग उघडल्या असतील तर त्या, सीटबेल्टचे ताणक, बहुतेकदा त्यांचं नियंत्रक यंत्रही नवं. विम्याचं गणित आणखी वेगळं. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर आणि एअरबॅगच्या किमतीतले ५० टक्के घसारा म्हणून मालकाच्या गळ्यात पडतात. काचेवर घसारा नाही. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमा-मूल्याच्या ७५ टक्क्यांवर गेला की 'टोटल लॉस'. समजा मूल्य ४० लाख, तर ३० लाखांच्या पुढे दुरुस्तीचा विषय संपतो. म्हणजे जुन्या, मूल्य उतरलेल्या स्पोर्ट्स कारचं, भागांचे दर नव्या गाडीचेच असल्याने, मध्यम धडकेतही आयुष्य संपू शकतं.

भावाच्या गाडीत कर्णांचा फरक ११ मिलिमीटर निघाला. विमा कंपनीचे सर्वेअर आले, वाकून बघू लागले, आणि मिस्त्रींनी डाव्या अप्रनवर टॉर्च धरला. कारखान्यात स्पॉट वेल्डिंगचे छोटे गोल खळगे एका ओळीत, सारख्या अंतरावर पडतात. उजवीकडे ते होते. डावीकडे त्यांच्या जागी घासून गुळगुळीत केलेली वेल्डिंगची रेघ, वर सीलर आणि रंग. आधीच्या मालकाने विकताना 'एकही ओरखडा नाही' असं शपथेवर सांगितलं होतं. विमा पैसे देणार तो यंदाच्या धडकेचेच, त्यामुळे ११ पैकी किती मिलिमीटर जुने आणि किती या जुलैचे यावर मिस्त्री आणि सर्वेअर यांची तासभर बोलाचाली झाली, आणि भाऊ बाहेर कटिंग चहा घेत फोनमध्ये त्या मालकाचा नंबर शोधत बसला.