प्रोजेनी ट्रायलवर ड्रोन उडवून मशीन लर्निंग करायचंय? अर्ज, पात्रता, कागदपत्रं

प्रोजेनी ट्रायल म्हणजे निवडलेल्या झाडांची संतती एकत्र लावून तिची तुलना करायची लागवड. वनवृक्षांच्या ब्रीडिंगमध्ये अशा ट्रायलवर ड्रोनच्या फोटोवरून मोजमाप करायचं म्हटलं की सगळे आधी मॉडेल कुठलं घ्यायचं यावरच बोलतात, पण माझ्या मते अशा प्रकल्पाच्या अर्जातला सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे ट्रायलचा लेआउट नकाशा. मॉडेलला वरून झाडाचा शेंडा दिसतो, ते झाड कुठल्या फॅमिलीचं (म्हणजे कुठल्या आई-बापाची संतती) हे काही दिसत नाही, ते नकाशातच असतं, ब्लॉक, ओळ, झाडाचा नंबर. त्यात मेलेल्या झाडांची नोंद नसेल तर पुढची अख्खी ओळ एका घराने सरकते आणि मग आनुवंशिकतेचा आकडा (झाडांमधला किती फरक वंशामुळे येतो तो) काढून काहीच उपयोग नाही.

पात्रता सोपी आहे. सहसा संशोधन संस्थेशी जोडलेला माणूस लागतो, विद्यार्थी असाल तर गाईडच्या नावाने अर्ज जातो.

कागदपत्रांत प्रकल्पाचा आराखडा, ट्रायल ज्याच्या जमिनीवर आहे त्याचं परवानगीपत्र (जमीन एकाची आणि झाडं दुसऱ्याची असं पुष्कळदा असतं, मग दोघांचं घ्या), ड्रोनची नोंदणी आणि पायलटचं सर्टिफिकेट. बऱ्याच देशांत साधारण १२० मीटरच्या वर उडवायला वेगळी परवानगी लागते, डोंगर उतारावरच्या ट्रायलला हे आधीच बघून ठेवा. परदेशातल्या झाडांची पानं किंवा बिया डीएनएसाठी घेणार असाल तर नागोया प्रोटोकॉल (जनुकीय संसाधनं वापरण्याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) बघावा लागतो, तो २०१४ पासून लागू आहे, त्यात त्या देशाची पूर्वसंमती आणि फायदा कसा वाटायचा याचा करार येतो.

आराखड्यात दोन गोष्टी नक्की लिहा. एक, जमिनीवरून किती झाडं हाताने मोजणार, कारण खोडाचा व्यास जमिनीपासून साधारण १.३ मीटरवर मोजतात आणि तो ड्रोनला वरून दिसत नाही, उंची आणि पर्णसंभारावरून अंदाजच करावा लागतो. दुसरं, टेस्टसाठी (मॉडेल न शिकलेल्या झाडांवर किती बरोबर चालतं ते तपासायला) एखादी अख्खी साइट किंवा अख्ख्या फॅमिली बाजूला ठेवणार असं स्पष्ट म्हणा. एकाच फोटोचे तुकडे करून काही ट्रेनिंगला काही टेस्टला टाकले तर अचूकता छान दिसते पण ती खोटी असते, कारण मॉडेलने जवळपास तेच आधी पाहिलेलं असतं, आणि जाणकार तपासणारा पहिल्यांदा तेच विचारतो.

डेटा कोणाचा राहणार हे करारात आधीच लिहून घ्या.

आणि वेळेचं बघा. फांद्या एकमेकांत गुंतल्या की शेंडे वेगळे काढणं अवघड होतं, जमीनही दिसत नाही म्हणून उंची चुकते, त्यामुळे ट्रायल कोवळी असतानाच पहिलं उड्डाण होईल अशा बेताने अर्ज टाका.