भाजी कशाला म्हणायचं? सोलापूरच्या ताटाची पार्श्वभूमी

फळं-भाज्या कोण किती खातं हे वय, उत्पन्न, शिक्षण, बाई की पुरुष यांच्याशी ताडून बघायची रीत आपल्याकडे फार जुनी नाही. 1876-78 च्या दुष्काळात सोलापूर होरपळलं तेव्हा हिशेब धान्याचा होता, आणि पुढची शंभर वर्षं तो बराचसा तसाच राहिला. 1979 मध्ये गरिबीची रेषा ठरवताना माणशी रोज खेड्यात 2400 आणि शहरात 2100 उष्मांक धरले गेले. उष्मांक ज्वारी पुरवते. मेथीच्या जुडीनं त्या आकड्यात काही फरक पडत नाही, म्हणून जुडी मोजायची निकड कुणाला वाटली नाही.

1990 च्या सुमारास रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली. सांगोल्याच्या माळावर डाळिंब वाढलं, 2005 मध्ये डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही सोलापुरात आलं. पण पिकतं तिथंच खाल्लं जातं असं थोडंच आहे? निवडक माल पेटीत बसून बाहेर जातो, गावच्या बाजारात डागी फळ येतं.

2003 मध्ये जागतिक तज्ज्ञांच्या अहवालानं माणशी रोज किमान 400 ग्रॅम फळं-भाज्या सांगितल्या, आणि बटाटा त्यातून वगळला. घोळ इथं सुरू होतो. आपल्या घरखर्चाच्या सरकारी पाहणीत बटाटा भाज्यांतच धरतात. कांदाही. 2011-12 च्या फॉर्मात तर हिरवी मिरची आणि लिंबूसुद्धा भाज्यांच्या यादीत होतं, आणि पालकासह साऱ्या पालेभाज्यांना मिळून एकच ओळ. म्हणजे शेपू, चुका, तांदुळजा, अंबाडी, बांधावरची घोळ आणि पाथरी, सगळं एका आकड्यात. कांदा-बटाट्यावर दिवस काढणारं घर आणि पालेभाजी खाणारं घर बेरजेत सारखंच दिसू शकतं. कांद्याच्या एवढ्या मोठ्या बाजारपेठेच्या गावात ही चूक किरकोळ म्हणवत नाही.

त्यात बोलीची भर. ‘आज भाजी काय?’ या प्रश्नाला सोलापुरात मटकी, पिठलं, डाळ असं काहीही उत्तर येतं, कारण भाकरीबरोबरचं कोरड्यास किंवा कालवण म्हणजे भाजी. कन्नड घरातला पल्ल्या आणि तेलुगू घरातली कूरा यांचंही तसंच. कच्ची भाजी आणि शिजलेला पदार्थ, दोन्हींना तोच शब्द. तेलुगू विणकरांच्या पेठांत गोंगुरा म्हणतात ती आपली अंबाडीच. नोंदवणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर ‘इतर’मध्ये जाते.

कुटुंब आरोग्याच्या देशव्यापी पाहणीत 15 ते 49 वयाच्या स्त्रियांना आणि 15 ते 54 वयाच्या पुरुषांना हिरव्या पालेभाज्या आणि फळं किती वेळा खाता, हे वेगवेगळं विचारतात. ‘किती’ नव्हे, ‘किती वेळा’. तरी कल स्पष्ट आहे: पैसा वाढतो तसं फळ झपाट्यानं वाढतं, पालेभाजी तेवढी वाढत नाही. त्यापुढच्या वयाच्यांना मात्र हा प्रश्नच नाही, आणि दात गेलेल्या म्हाताऱ्यांना पेरू चावता येतो का, हे त्यामुळे या आकड्यांत येतच नाही.

घरखर्चाच्या पाहणीत ग्रामीण खर्चातला अन्नाचा वाटा 2011-12 मध्ये सुमारे 53 टक्के होता, 2022-23 मध्ये 46. पण ती पाहणी घर मोजते. दुपारभर विड्या वळून रात्री सगळ्यांच्या मागून जेवायला बसलेल्या बाईच्या वाट्याला भाजी उरली का नुसती शेंगाचटणी, हे त्यातून कळत नाही. एकूण घरातल्या माणसांनी भागायचं, झालं.

2024 च्या राष्ट्रीय आहारसूचनांनी मोठ्या माणसाला रोज 400 ग्रॅम भाज्या आणि 100 ग्रॅम फळं सांगितली आहेत. पाच मोठ्या माणसांच्या घराला ते रोजचं अडीच किलो होतं.